‘हातात तरी धरलंय का?’

पंचवीस बोअर, म्हणजे पॉइंट पंचवीस इंची काडतुसाचं, खिशात मावणारं लहान पिस्तूल. ते दिसेनासं का झालं यावर मी ‘पंचवीस बोअर गेलं कुठे?’ हा लेख लिहिला, त्यावर ‘एक नेमबाज’ अशा नावाने एक प्रतिक्रिया आली. चार दिवस तशीच ठेवली, म्हटलं राग उतरू दे. उतरला नाही, म्हणून लिहितोय.

ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी ती अशी होती: ‘पंचवीस बोअर संपलं कारण त्यात दम नव्हता. एका ओळीत संपणारी गोष्ट. तुम्ही आठवणींचा रतीब घातलाय. बेबी ब्राउनिंग जॉन ब्राउनिंगने केलं हे चूक. अमेरिकेत पंचवीसचं काडतूस नऊ एमएमपेक्षा महाग पडतं, त्याचा उल्लेख नाही. भारतात तर सगळा प्रश्न कायद्याचा, मग अमेरिकेची तुलना कशाला? (नाशिककरांना ब्राउनिंगचा एवढा पुळका का?) मुळात तुम्ही हे पिस्तूल कधी हातात तरी धरलंय का?’

आधी चूक कबूल करतो, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको. बेबी ब्राउनिंग हे पंचवीस बोअरचं पिस्तूल अमेरिकन बंदूक-रचनाकार जॉन ब्राउनिंग यांचं काम नव्हे. त्यांनी केलं ते 1905 चं, बंडीच्या खिशात मावणारं पिस्तूल, जे बेल्जियमच्या एफएन कंपनीने काढलं आणि अमेरिकेत कोल्टने 1908 पासून विकलं. बेबी हे एफएनचेच रचनाकार द्यूदोने सैव्ह यांचं. ते 1931 ला बाजारात आलं आणि ब्राउनिंग तर 1926 लाच वारले होते. लेखात दुरुस्ती केली आहे. आभार.

आता ते शेवटचं वाक्य. ‘हातात तरी धरलंय का.’

साहेब, माझे वडील बंदुका दुरुस्त करायचे. नाशिकच्या रविवार कारंजाच्या मागच्या बोळात, एका परवानाधारक विक्रेत्याच्या दुकानाच्या पोटमाळ्यावर, सत्तावीस वर्षं. दुकान आता नाही, तिथे मोबाइलची कव्हरं मिळतात. शाळा सुटली की मी डबा घेऊन जायचो आणि अंधार पडेपर्यंत तिथेच बसायचो. पिंपळगाव-निफाडकडचे द्राक्षवाले बागायतदार बारा बोअरच्या लांब बंदुका घेऊन यायचे, देवळाली कॅम्पातले निवृत्त अधिकारी यायचे आणि शहरातले दोन-चार व्यापारी रुमालात गुंडाळलेलं पंचवीस आणायचे. रुमाल सोडताना तेसुद्धा जरा लाजायचे, इतकं ते लहान. वडील ते उघडून स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग, एका फडक्यावर, नळी दुसऱ्यावर ठेवायचे. रिकामं पिस्तूल माझ्या तळहातावर ठेवून म्हणायचे, ‘बघ, अख्खं मावतंय.’ (यावर कायद्याचा मुद्दा काढणार असाल तर काढा. मी तेव्हा आठवीत होतो आणि वडील शेजारी होते.)

तर हो, धरलंय. तुमच्यापेक्षा आधी धरलं असण्याची शक्यता आहे, पण तुम्ही नाव-गाव काही लिहिलेलं नाही, त्यामुळे वय विचारायची सोय नाही. ‘नेमबाज’ म्हणवून घ्यायचं आणि पडद्याआडून मारायचं, ही कुठली रीत?

आणि नुसतं धरलंय असं नाही. वडिलांची कामाची वही माझ्याकडे आहे. निळ्या पुठ्ठ्याची, तेलाचे डाग पडलेली. सुरुवातीच्या पानांवर ‘25 – स्प्रिंग’, ‘25 – पिन’ अशा नोंदी दर आठवड्याला दिसतात. मधल्या पानांवर त्या विरळ होतात. शेवटी शेवटी एकच शेरा परत परत येतो: ‘काम झालं. गोळ्या नाहीत.’ गिऱ्हाईक पैसे देऊन, नीट चालणारं पिस्तूल खिशात घालून घरी जायचं आणि ते पिस्तूल कपाटात पडून राहायचं. ‘दम नाही’ असं वडिलांनी एकदाही लिहिलेलं नाही. तुमच्या एका ओळीपेक्षा मी त्या वहीवर जास्त विश्वास ठेवला, तर त्याला रतीब म्हणायचं का?

दमाचं म्हणाल तर तो 1905 लाही एवढाच होता. पन्नास ग्रेनची, म्हणजे सव्वातीन ग्रॅमची गोळी, सेकंदाला साधारण 230 मीटर वेग. त्या काळातल्या माणसांना हे कळत नव्हतं असं तुम्हाला वाटतं? नऊ एमएम पॅराबेलम 1902 पासून होतं, दणदणीत काडतुसांची वानवा नव्हती. जी गोष्ट पहिल्या दिवसापासून तशीच आहे ती असूनही अर्ध्या शतकाहून जास्त काळ खप चालतो आणि मग अचानक तिच्याचमुळे खप बसतो, हे गणित मला कुणी मांडून दाखवावं. घरातली म्हातारी तीस वर्षं खोकत होती आणि तीस वर्षांनी सून घर सोडून गेली, तर कारण खोकला नसतो.

पंचवीस लोक घेत होते ते लहान अंगासाठी आणि भरवशासाठी. त्याच्याहून बारीक, पॉइंट बावीसच्या काडतुसात पेट घेणारा मसाला बुडाच्या कडेत भरलेला असतो, कुठे कमी-जास्त झाला की चाप ओढूनही नुसता टक आवाज. त्याची कड बाहेर आलेली असल्याने मॅगझीनमध्येही काडतुसं एकमेकांत अडकतात. पंचवीसला मधोमध टोपी, कड नावापुरती. बावीसएवढाच मार, पण ओढलं की उडणार. बंडीच्या खिशातून एकदाच संधी मिळणाऱ्या माणसाला यापेक्षा जास्त काय हवं होतं?

मग बदललं काय, तर खिशाच्या मापात मोठं काडतूस मावायला लागलं. केल-टेक या अमेरिकन कंपनीने 2003 मध्ये आणि रुगरने 2008 मध्ये पॉइंट तीन-ऐंशी या मोठ्या काडतुसाची अशी पिस्तुलं काढली की वजन बेबी ब्राउनिंगच्या आसपास, पावणेतीनशे ग्रॅमच्या आतबाहेर, आणि मार जवळपास तिप्पट. तुम्ही लगेच म्हणाल, ‘म्हणजे दमच कमी पडला की!’ नाही साहेब. जागा गेली. तीन-ऐंशी 1908 पासून होतंच, ते पंचवीसच्या खिशात शिरत नव्हतं एवढंच. हा फरक ज्याला दिसत नाही त्याने दुसऱ्याला ‘हातात धरलंय का’ विचारू नये.

अमेरिकेत 1968 च्या कायद्याने लहान विदेशी पिस्तुलांची आयात अडवली, बेबी ब्राउनिंगही त्यात गेलं. तरी पंचवीस तेव्हा मेलं नाही. तिथल्याच कारखान्यांनी स्वस्तातली पंचवीस काढून पुढची वीसेक वर्षं भरपूर विकली. हे माझ्या लेखात आहे. तुम्ही तिथपर्यंत पोचला नसाल.

काडतुसाच्या किमतीचा मुद्दा किरकोळ आहे. त्यावर परत कधीतरी.

भारताचं म्हणाल तर लेखाचा अर्धा भाग तोच होता. ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून आयात थांबली. जी पिस्तुलं देशात होती ती तेवढीच राहिली. नऊ एमएम सामान्य परवान्यावर मिळत नाही. पंचवीस मिळू शकतं, पण सरकारी कारखान्यांनी जोर लावला तो पॉइंट बत्तीसवर: कानपूरचं रिव्हॉल्व्हर, ‘अशनी’ पिस्तूल, 2014 मध्ये ते अर्ध्या किलोचं ‘निर्भीक’. माणूस परवान्यासाठी वर्षानुवर्षं चकरा मारतो आणि हातात आल्यावर ज्याची गोळी मिळते तेच घेतो. त्यात शस्त्र कायद्यातल्या 2019 च्या दुरुस्तीने माणशी तीन हत्यारांची मर्यादा दोनवर आली. माझ्या ओळखीतल्या दोघांवर एक हत्यार सोडायची वेळ आली. दोघांनीही पंचवीसच सोडलं. एक जण म्हणाला, ‘निवडणूक लागली की जमा करायला जाणंच काय ते त्याचं काम उरलं होतं.’

एवढं वाचून ‘सगळा प्रश्न कायद्याचा’ म्हणायचं असेल तर म्हणा. मी वेगळं काही म्हणालो नव्हतो. तुलना केली ती एवढ्यासाठी की तिकडे जागा दुसऱ्याने घेतली आणि इकडे घेणाराच आला नाही.

राहिलं ते तुमच्या प्रतिक्रियेतलं कंसातलं वाक्य, ‘नाशिककरांना ब्राउनिंगचा एवढा पुळका का’. 21 डिसेंबर 1909, नाशिकचं विजयानंद थिएटर, अनंत कान्हेऱ्यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. कान्हेऱ्यांच्या हातात ब्राउनिंग होतं, लंडनहून सावरकरांनी पाठवलेल्या वीसांपैकी. ते पंचवीस होतं असं मी कुठेही लिहिलेलं नाही. शोधून बघा, सापडलं तर स्क्रीनशॉट टाका.

आणि टाकताना खाली नाव लिहा. वहीची पानं बघायची असतील तर या, चहा मी पाजतो.