उणे ११२

परवा रविवारी माझ्याच घरात, माझ्याच मुलीसमोर, बाथरूमची फरशी बसवायला आलेल्या मिस्त्रीने आधी माझी लाज काढली आणि मग गणित सोडवलं. या क्रमाचं मला अजून वाईट वाटतंय.

झालं एवढंच, की दहावीतल्या लेकीला महत्त्वमापनाचं एक उदाहरण अडलं. १४ सेमी बाजूचा चौरस. प्रत्येक बाजू व्यास धरून आतल्या अंगाला चार अर्धवर्तुळं. ती एकमेकांत घुसून झालेल्या चार पाकळ्यांवर रेघोट्या. रेखांकित भागाचं क्षेत्रफळ काढा. मी म्हटलं, हात्तिच्या! चौरस १९६. एक अर्धवर्तुळ ७७, चार म्हणजे ३०८. चौरसातून वर्तुळं वजा. उत्तर, उणे ११२ चौसेमी.

"बाबा, क्षेत्रफळ उणे कसं येईल?"

"का? काश्मीरचं तापमान येतं ना?"

ती काही बोलली नाही. दहावीतली मुलं गप्प बसतात तेव्हा जास्त लागतं.

खरं तर या धड्यावर माझा जुना राग आहे. यातली सगळी दुनिया सातच्या पाढ्यात राहते. बाग २८ मीटरची, हौद २१ मीटरचा, गाईची दोरी ७ मीटरची. का, तर पायची किंमत २२/७ घ्यायची आहे. पान उलटलं की लगेच 'पाय = ३.१४ घ्या', आणि त्याच गाईची दोरी १० मीटर होते. ३.१४ घेतलं तर आमच्या त्या चार पाकळ्या १११.७२ भरतात. उरलेलं पाव चौसेमी कुणी खाल्लं? आर्यभटाने ४९९ साली ३.१४१६ सांगून ठेवलंय, आणि वर 'आसन्न' म्हणजे जवळपास, असंही स्वतःच म्हटलंय. एवढा प्रामाणिकपणा मला पुढे त्याच दिवशी दुसरीकडे कुठे दिसला नाही.

तर मिस्त्री. संगमेश्वरकडचे. कानामागे चपटी पेन्सिल, भुवयांवर सिमेंट. चहाचा कप खाली ठेवायला बाहेर आले ते टेबलाशीच थांबले. वहीकडे मान वाकडी करून बराच वेळ बघत राहिले. मग आत गेले, गुण्या, म्हणजे काटकोन तपासायचं हत्यार, घेऊन आले आणि लेकीने काढलेल्या चौरसाच्या कोपऱ्याला लावला.

"बाय, गुण्यात नाय."

"ती कच्ची आकृती आहे हो," मी म्हटलं.

"कच्ची असली म्हणून काय झालं? कोपरा गेला की पुढची सगळी लाईन गेली." नंतर माझं उत्तर वाचलं. "ह्यो आकडा कुणी काढला?"

लेकीने माझ्याकडे बोट दाखवलं. शब्दही खर्च केला नाही.

मिस्त्री उकिडवे बसले. तुटक्या टाइलच्या मागच्या बाजूवर त्यांनी आकृती काढली, माझ्यापेक्षा बरी. "साहेब, गावाला कौलं चढवताना बघितलाव काय? एक कौल दुसऱ्यावर चढतं. सगळी कौलं सुटी मोजलीव तर छपरापेक्षा जास्त भरतील. जास्त कितकी? जितकी चढली तितकी. हितं काय? हे चार अर्धे मिळून चौकोन पुरा झाकतात, वर एकमेकांवर चढतात. चढला तो भाग म्हणजे पाकळी. दोनदा मोजलाव. तीनशे आठातून एकशे शहाण्णव काढा."

"एकशे बारा!" लेक ओरडली. मिस्त्रींनी पेन्सिल परत कानामागे खोचली आणि जाता जाता म्हणाले, "साहेबांचंपन बरोबरच होतं. उलटं होतं."

एकमेकांवर चढवून दोनदा मोजायची ही युक्ती मला आधीच कळायला हवी होती, कारण मी तिचे हप्ते भरलेत. आमचा फ्लॅट रेरा या घरबांधणीच्या कायद्याच्या आधीचा, सुपर बिल्टअपवर, म्हणजे जिना-लिफ्टचा वाटाही क्षेत्रफळात धरून घेतलेला. जिना एक, लिफ्ट एक, पण तो जिना थोडाथोडा करून चोवीस जणांना विकलेला. त्या सगळ्या तुकड्यांची बेरीज एका जिन्याएवढीच येते का, हे आजवर कुणी ताडून पाहिलेलं नाही. मी पाहणार होतो. सोसायटीच्या सभेत विषय काढला तर चेअरमन म्हणाले, पाण्याच्या टाकीचं बोला.

असो. संध्याकाळी मिस्त्रींनी हिशेब दिला. बाथरूम आठ बाय चार, बत्तीस फूट. मजुरी साठ सांगितली होती, ती मी घासाघीस करून छप्पन्नवर आणलेली. एकूण १,७९२ रुपये.

आता माझी पाळी होती. म्हटलं, "मिस्त्री, कमोडखालची जागा आणि जाळीचा गोल, मिळून दोन फूट. तिथे फरशी बसलेलीच नाही. वजा करा."

"ते वजा होत नाय."

"अहो, आयतातून वर्तुळ वजा! सकाळी तुम्हीच..."

"सकाळी कागद होता, साहेब. गोल कापायला अख्खी टाइल लागते आणि अर्धा तास जातो. खरं तर गोलाचं जास्त घेतात. तुमचं म्हणून घेतलं नाय."

दोन फूट, छप्पन्नचा दर. शपथेवर सांगतो, ११२ रुपये. मी आशेने लेकीकडे पाहिलं. ती म्हणाली, "बाबा, दे ना. त्यांनी शिकवलं पण." त्या भावात महिन्याची शिकवणी लावली असती, हे मी मनात म्हटलं. पैसे पूर्ण दिले.

जाताना मिस्त्रींनी कापून उरलेले सगळे तुकडे, कोपरे, चंद्रकोरी, पाकळ्या एका गोणीत भरून बाल्कनीत ठेवल्या. "ठेवा. पुढं लागतात."

रेराचा कायदा बाल्कनी कार्पेटमध्ये, म्हणजे घराच्या आतल्या वापराच्या क्षेत्रफळात, धरत नाही. म्हणजे हिशेबाने ती गोणी आमच्या घरात नाहीच. पण रोज सकाळी कपडे वाळत घालताना माझा अंगठा तिच्यावर आपटतो, आणि बायको आतून विचारते, "काय झालं?"