‘एवढं दळण कशाला?’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

टाइपस्क्रिप्टमध्ये (जावास्क्रिप्टला टाइपची तपासणी जोडणारी भाषा) डिफॉल्ट इम्पोर्टवर, म्हणजे मॉड्यूलमधली मुख्य गोष्ट थेट नावाने घेण्यावर, एरर आली तर ईएसमॉड्यूलइंटरॉप ही सेटिंग लावा, अशा माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, ‘एवढं दळण कशाला? अलाउसिंथेटिकडिफॉल्टइम्पोर्ट्स ट्रू करा, दोन मिनिटांत एरर जाते. माझ्याकडे चालतंय.’ त्यापुढे तीन तक्रारी: लायब्ररी लिहिणाऱ्यांचा विचार नाही, ईएसएमचं (जावास्क्रिप्टच्या नव्या, प्रमाणित मॉड्यूल पद्धतीचं) नाव नाही आणि आवृत्ती चुकली.

आवृत्तीचं मान्य. ईएसमॉड्यूलइंटरॉप टाइपस्क्रिप्ट २.७ मध्ये आलं, मी २.८ लिहिलं होतं. दुरुस्त केलंय.

‘दळण’ मान्य नाही. असा लेख शोधत येणाऱ्याचा बिल्ड अडकलेला असतो. त्याच्या हातात चुकीची सेटिंग द्यायची आणि वर समजावून सांगणाऱ्यालाच टोमणा मारायचा, ही रीत मला पटत नाही. २.७ आल्यापासून मी सर्व्हरचंच टाइपस्क्रिप्ट लिहितोय. हे दोन मिनिटांचं काम असतं तर मीही दोनच ओळी लिहिल्या असत्या.

तुम्ही सांगता ती सेटिंग फक्त टाइप तपासणाऱ्याला गप्प करते. बाहेर पडणाऱ्या जावास्क्रिप्टमध्ये एक अक्षरही बदलत नाही. मॉड्यूल कॉमनजेएस (नोडची जुनी, रिक्वायरवर चालणारी पद्धत) असेल तर ‘इम्पोर्ट एक्स्प्रेस फ्रॉम एक्स्प्रेस’ याचं रूपांतर साध्या रिक्वायरमध्ये होतं आणि पुढे जिथे एक्स्प्रेस वापरलंय तिथे ‘एक्स्प्रेस_१.डिफॉल्ट’ येतं. एक्स्प्रेस ही सर्व्हर लिहायची लायब्ररी आपलं फंक्शन थेट मॉड्यूल.एक्स्पोर्ट्सवर (मॉड्यूल बाहेर देतं त्या ऑब्जेक्टवर) ठेवते, त्यावर डिफॉल्ट नावाचं काही नाही. म्हणजे टीएससी (टाइपस्क्रिप्टचा कम्पायलर) हिरवा कंदील देतो आणि जावास्क्रिप्ट चालवणारा नोड ‘इज नॉट अ फंक्शन’ म्हणून कोसळतो. हे किमान सुरुवातीलाच कळतं. एफएस (नोडचं फाइल हाताळणारं मॉड्यूल) असंच डिफॉल्टने घेतलं आणि त्यातलं रीडफाइलसिंक एखाद्या हँडलरच्या (विनंतीला उत्तर देणाऱ्या फंक्शनच्या) आत असेल, तर सर्व्हर व्यवस्थित उभा राहतो आणि त्या मार्गावर पहिली विनंती आली की एरर फेकतो.

ईएसमॉड्यूलइंटरॉप लावलं की रिक्वायरभोवती __इम्पोर्टडिफॉल्ट हे छोटं फंक्शन येतं. मॉड्यूलवर __ईएसमॉड्यूल ही खूण (ते ईएसएममधून रूपांतरित झाल्याची) असेल तर ते मॉड्यूल तसंच परत देतं, नसेल तर सगळं मॉड्यूल डिफॉल्टखाली ठेवून देतं. फरक पडतो तो इथे.

‘माझ्याकडे चालतंय’चं उत्तरही यातच आहे. अ‍ॅक्सिऑस (विनंत्या पाठवायचं पॅकेज) स्वतःवरच डिफॉल्ट ठेवतं, त्यामुळे ते दोन्ही सेटिंगवर चालतं. आणि टीएसएक्सने (टाइपस्क्रिप्ट थेट चालवणारं साधन) चालवत असाल तर त्यामागचं ईएसबिल्ड हे रूपांतर करणारं साधन ही जुळवणी टीएसकॉन्फिगला (सेटिंगच्या फाइलला) न विचारता करतं. तेच प्रोजेक्ट टीएससीने बिल्ड करून नोडवर चालवा, मग बोलू.

सेटिंग बदलल्यावर एक काम उरतं, ते लेखात आहे. तुम्ही तिथवर वाचलेलं दिसत नाही. ‘इम्पोर्ट स्टार अ‍ॅज’ने, म्हणजे अख्खं मॉड्यूल एका नावाखाली, घेतलेलं काही फंक्शनसारखं बोलावलं असेल किंवा न्यू लावून वापरलं असेल, तर आता टीएस२३४९ किंवा टीएस२३५१ ही कम्पायलरची एरर येईल. तेवढे इम्पोर्ट डिफॉल्टचे करा. खरा धोका जिथे एरर येत नाही तिथे आहे: एखादं मॉड्यूल क्लासचा तयार ऑब्जेक्ट एक्स्पोर्ट करत असेल, तर __इम्पोर्टस्टार (स्टार इम्पोर्टसाठीचं तसंच छोटं फंक्शन) त्याचे स्वतःचे गुणधर्म तेवढे नव्या ऑब्जेक्टवर घेतं, प्रोटोटाइपवरच्या, म्हणजे क्लासमध्ये लिहिलेल्या, मेथड मागे राहतात. कम्पायलर गप्प, आणि चालवताना मेथड सापडत नाही. असे इम्पोर्ट हातानेच शोधावे लागतात.

लायब्ररीचा मुद्दा या लेखाचा नाही. तिच्या टाइप फाइलमध्ये असा डिफॉल्ट इम्पोर्ट राहिला तर वापरणाऱ्यालाही सेटिंग लावावी लागते, हे खरं; पण मी सर्व्हरचं अ‍ॅप लिहिणाऱ्यांसाठी लिहिलंय. ईएसएमचं म्हणाल, तर तिथे नोड कॉमनजेएस पॅकेजचं अख्खं मॉड्यूल.एक्स्पोर्ट्स डिफॉल्ट म्हणून देतो, त्यामुळे __ईएसमॉड्यूलची खूण असलेल्या पॅकेजला उलट ‘.डिफॉल्ट’ जोडत बसावं लागतं. दुखणं फक्त जागा बदलतं.

पुन्हा लिहिण्याआधी एवढं करा. ‘एनपीएक्स टीएससी --शोकॉन्फिग’ चालवून प्रत्यक्षात कोणती सेटिंग लागू आहे ते पाहा, कारण एक्स्टेंड्सने (दुसऱ्या फाइलमधून) घेतलेल्या कॉन्फिगवर तुमची स्थानिक फाइल मात करत असते. मग बिल्ड करून डिस्ट फोल्डरमधली (जिथे तयार जावास्क्रिप्ट येतं) एक्स्प्रेसची रिक्वायर ओळ उघडा. तिथे __इम्पोर्टडिफॉल्ट नसेल, तर ती ओळ जशीच्या तशी इथे टाका.