खुलासा: हॉट चॉकलेटला कॉर्नफ्लोअर लागतंच असं नाही

‘कॉर्नफ्लोअर घातल्याशिवाय घरचं हॉट चॉकलेट दाट होतच नाही,’ असा मेसेज फिरतोय. तो खरा नाही. इटलीत स्टार्च घालायची पद्धत आहे. फ्रेंच पद्धतीत मात्र दाटपणा सहसा चॉकलेटचाच असतो. 200 मिली सायीच्या दुधाला 60 ग्रॅम डार्क चॉकलेट बारीक चिरून घ्या. आधी पाव कप गरम दुधात ते विरघळवा. मिश्रण तुकतुकीत झालं की उरलेलं दूध घालून मंद आचेवर चार-पाच मिनिटं घोटत राहा. चमच्याच्या पाठीवर थर धरला की झालं. चिमूटभर मीठ मी घालतेच. आणि वेष्टनावर ‘कोको बटर’ लिहिलंय ना, ते जरूर बघा. ‘कंपाउंड’ प्रकारच्या चॉकलेटमध्ये त्याऐवजी वनस्पती तेल वापरतात, म्हणून जिभेवर मेणचट थर राहतो.