शांत बसतात म्हणजे ऐकतात?

नाटक रंगात आलेलं असताना प्रेक्षागृहात मोबाइल वाजतो, नट प्रयोग थांबवतो, दुसऱ्या दिवशी बातमी येते. मग आठवडाभर तोच वाद. नाट्यगृहात फोन बंद पाडणारे जॅमर बसवावेत का, नटाने भूमिका सोडून प्रेक्षकाला झापावं का, आपला रसिक प्रेक्षक गेला कुठे? वाद थोडा तापला की कुणीतरी हमखास म्हणतं, "परदेशात बघा, टाचणी पडली तरी ऐकू येते." मी लंडनमध्ये राहतो. टाचणीचं म्हणणं खरं आहे. पण त्यावरून इथला माणूस जास्त रसिक ठरतो, हे मला मान्य नाही.

मुळात ही शांतता युरोपच्या रक्तात कधीच नव्हती. संगीतकार मोझार्टने 1778 साली पॅरिसहून वडिलांना पत्र लिहिलं, त्यात आपल्या नव्या सिम्फनीची, म्हणजे वाद्यवृंदासाठीच्या अनेक भागांच्या रचनेची, हकिगत आहे. एक जागा लोकांना भावणार याची त्याला खात्री होती, आणि ती आल्याबरोबर लोकांनी वादन चालू असतानाच टाळ्या वाजवल्या. मोझार्ट त्यावर खूश होता. बंद पडलेल्या टाळ्या ही नंतरची गोष्ट. जर्मन संगीतकार वॅग्नरने 1876 मध्ये बायरॉइटच्या आपल्या नाट्यगृहात प्रेक्षागृहच अंधारं केलं (एकमेकांचे दागिने न्याहाळायला आलेल्यांची पंचाईत झाली असणार), आणि सिम्फनीचे सगळे भाग संपेपर्यंत हात मांडीवर ठेवायचे हा दंडक तर विसाव्या शतकात पक्का झाला. आज लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये पहिला भाग संपल्यावर एखाद्या नवख्याने उत्साहाने टाळी वाजवली, की शेजारची मान वळते. त्या नजरेत रसिकता कमी आणि वर्गातला मॉनिटर जास्त असतो.

दुसरं उदाहरण आमचंच. या शहरात महाराष्ट्र मंडळ 1932 पासून आहे. एरवी अल्बर्ट हॉलमध्ये खोकलासुद्धा गिळणारी आम्ही मराठी मंडळी आपल्या लोकांच्या गाण्याच्या कार्यक्रमाला जमलो, की मागच्या रांगेत शाळांच्या प्रवेशाच्या गप्पा रंगतात, पुढे पाच-सहा फोन चित्रण करत उभे असतात आणि ख्याल अजून विलंबितात, म्हणजे संथ लयीत, असतानाच नाट्यगीताची फर्माईश पोचते. माणसं तीच, कानही तेच. बदललं ते एवढंच, की त्या हॉलमध्ये उशिरा येणाऱ्याला दाराबाहेर थांबवतात आणि आमच्याकडे स्वयंसेवक बॅटरी दाखवत पहिल्या रांगेत नेऊन बसवतो. तेव्हा "आपले लोकच तसे" हे म्हणणं सोडून द्यावं. शिस्त लावते ती जागा. दार बंद करायची हिंमत आयोजकाने दाखवली तर महिनाभरात लागते.

पण शिस्त लागली म्हणजे ऐकणं आलं, असं नाही. लंडनमधलाच मैफलींचा विगमोर हॉल 1901 सालचा, छोटेखानी. आवाज इतका नितळ की वाजवणाऱ्याचा श्वास ऐकू यावा. तिथल्या दुपारच्या मैफलीत बरीचशी डोकी पांढरी असतात आणि त्यांतली काही निवांत छातीवर कललेली. शांततेत सगळं झाकलं जातं. आपल्याकडच्या मैफलीत ती सोय नाही. गायक समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येतो आणि समोरच्याची मान अर्धी मात्रा आधीच हलते, किंवा एखादा भलत्याच जागी "क्या बात है" म्हणतो, तेव्हा कोण किती पाण्यात आहे ते गायकालाही कळतं आणि शेजाऱ्यालाही. नेमक्या जागी आलेला हलका "आहा" गायकाला पुढची जागा सुचवून जातो. हा व्यवहार इथे नाही. इथल्या चांगल्या वादकाला श्रोते रमले की कंटाळले, ते शेवटच्या टाळ्यांपर्यंत अंदाजानेच ताडावं लागतं. मोबाइलवाल्यांचा बंदोबस्त जरूर करा, पण त्या झाडूखाली दादही जाऊ नये.

इथून घेण्यासारखं काय असेल, तर ते शांततेच्या आधी घडतं. इथे सोळाव्या वर्षी होणाऱ्या जीसीएसई परीक्षेत, इंग्रजी साहित्याच्या विषयात, मुलांसमोर पूर्वी कधीही न वाचलेली कविता ठेवतात आणि तिच्याबद्दल लिहायला सांगतात. आपल्याकडे दहावीला कविता पुस्तकातलीच. तिच्यावर मुद्द्यांनुसार उत्तर लिहायचं असतं, आणि त्यातला एक मुद्दा असतो कविता आवडण्याचं वा न आवडण्याचं कारण. हे कारण मुलं गाइडमधून पाठ करून जातात! आपली आवडही तयार मिळते हे एकदा शिकलेला माणूस पुढे नाटकाला जाताना आधी परीक्षण वाचतो आणि चित्रासमोर उभा राहून खालची पाटीच जास्त वेळ वाचतो. रेखाकलेच्या एलिमेंटरी, इंटरमिजिएट परीक्षांना दरवर्षी केवढी मुलं बसतात. त्यांच्याकडून वस्तुचित्र काढून घेतात, पण दुसऱ्याने काढलेलं चित्र बघायला कोण शिकवतं?

बघण्याच्या बाबतीत या शहराची एक गोष्ट मला फार आवडते. दुसऱ्या महायुद्धात इथल्या नॅशनल गॅलरी या चित्रसंग्रहालयाने आपली चित्रं वेल्समधल्या पाटीच्या दगडाच्या खाणीत नेऊन ठेवली होती. लोकांना रिकाम्या भिंती बघवेनात, म्हणून 1942 पासून दर महिन्याला एकच चित्र लंडनला आणून मांडायला सुरुवात झाली. एक महिना, एक चित्र. लोक त्या एका चित्रासाठी बॉम्बहल्ल्यांच्या शहरात येत होते. आज तीच गॅलरी फुकट आहे, भिंती भरलेल्या आहेत, आणि प्रत्येक चित्रासमोर माणूस फोन उंचावून पुढे सरकतो. तेव्हा मोबाइलचं दुखणं फक्त मराठी नाट्यगृहाचं आहे असं समजायचं कारण नाही.

आपल्याकडे तर काश्मीरच्या अभिनवगुप्त या काव्यशास्त्रकाराने हजार वर्षांपूर्वीच सांगून ठेवलंय, की काव्याच्या सततच्या अभ्यासाने ज्याच्या मनाचा आरसा स्वच्छ झाला, तो सहृदय, म्हणजे खरा रसिक. त्याने जन्मजात कान मागितला नाही, सराव मागितला. आपण मात्र संमेलनाध्यक्ष कोण, अनुदान किती, सवाई गंधर्व महोत्सव पूर्वीसारखा रात्रभर का चालत नाही, यावर भांडतो. भांडावं, ते प्रश्न खोटे नाहीत. पण त्या सगळ्यांत समोर बसणाऱ्याने तयार होऊन यावं, ही अपेक्षा कुठेच नसते.

जॅमर लागोत न लागोत, दोन गोष्टी बिनखर्चाच्या आहेत. दहावीच्या प्रश्नपत्रिकेत एक न वाचलेली कविता घालावी आणि "आवडली नाही, कारण" असं लिहिणाऱ्यालाही, कारण पटलं तर, पूर्ण गुण द्यावेत. आणि मैफलीच्या आधी दीपप्रज्वलन, सत्कार, प्रायोजकांचे आभार यांत जो पाऊण तास जातो, त्यातली वीस मिनिटं गायकाला द्यावीत. आज कोणता राग, त्याचा जवळचा राग कोणता, आणि दोन्ही एकसारखे वाटू नयेत म्हणून कुठे थांबायचं, एवढं त्याने गाऊन दाखवावं. सत्कार मध्यंतरात उरका. तेव्हा तसंही कुणी बसलेलं नसतं.