तिथं शिस्त आहे म्हणे

गेल्या महिन्यात आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फोटो आला. जप्त केलेले बुलेटचे सायलेन्सर रस्त्यावर ओळीनं मांडलेत आणि त्यांच्यावरून रोडरोलर चाललाय. डावीकडून चौथा सायलेन्सर माझ्या पुतण्याचा. हे त्यानंच सांगितलं, तेही थोड्या अभिमानानं.

फोटोखाली दाजींचा निकाल: "परदेशात असले थेर कुणी करत नाही. तिथं शिस्त आहे." दाजी निवृत्त मुख्याध्यापक आहेत, त्यांच्या मेसेजमध्येसुद्धा पूर्णविराम जागच्या जागी असतात. दहा मिनिटांत चुलतभावाचं उत्तर: "अमेरिकेत लोक पाहिजे ते करत्यात. आपल्याकडंच पोरांच्या हौसेवर रोलर." मग अंगठ्यांचा पाऊस, निम्मे इकडं, निम्मे तिकडं.

दोन्ही बाजूंनी साक्षीला अमेरिकाच. आणि त्या अमेरिकेत एकोणीस वर्षं काढलेला माणूस त्याच ग्रुपात असताना त्याला कुणी एका शब्दानं विचारलं नाही. मला खरं हेच लागलं, हे आधी कबूल करून टाकतो.

त्या वेळी मी गॅरेजमध्ये पाठीवर पडून इंजिनखालच्या ऑइल चेंबरचे बोल्ट आवळत होतो. गाडी १९६५ ची डॉज ए-१०० पिकअप. काम तिचं एकच: पुढची दोन्ही चाकं हवेत धरून मागच्या दोन चाकांवर पळणं. माल वाहायचा नाही, शर्यत जिंकायची नाही. दाजींच्या शब्दकोशात याला थेरच म्हणतात.

असली पहिली गाडी मुळात चुकून झाली, आणि माझा जीव जडला तो त्यामुळेच. १९६५ च्या सुमारास डेट्रॉइटकडच्या मंडळींनी एका लाल ए-१०० च्या हौद्यात, केबिनच्या मागे, क्रायस्लरचं ४२६ घनइंची हेमी इंजिन बसवलं. बेत साधा शर्यतीच्या गाडीचा होता. पण ॲक्सिलरेटर दाबला की गाडीचं नाक आभाळाकडं. मग शर्यत राहिली बाजूला आणि 'लिटल रेड वॅगन' हा खेळच झाला. बिल 'मॅव्हरिक' गोल्डन यांनी ती पुढं कित्येक वर्षं गावोगावच्या शर्यतीच्या पट्ट्यांवर तशीच पळवली.

नाक का उचललं जातं, हे कोल्हापूरच्या माणसाला समजावून सांगायला लागू नये. या पिकअपच्या दोन आसांमधलं अंतर जेमतेम ९० इंच, म्हणजे साडेसात फूट. कंपनीनं इंजिन ठेवलं होतं दोन सीटांच्या मधोमध. ते उचलून मागच्या आसाजवळ नेलं की सगळा भार मागं जातो. वर रुंद, मऊ, चिकट टायर. ते घसरत नाहीत, रस्ता पकडून धरतात. पकडीचा जोर जमिनीलगत लागतो, गाडीचा गुरुत्वमध्य मात्र वर आणि मागं. मग पुढचा भाग उठणार नाही तर काय करेल? आमचे आण्णा मॅटाडोरमध्ये गुळाच्या ढेपा भरताना हमालांवर ओरडायचे, "मागं किती रचताय? उलार होईल की गाडी!" आण्णा ज्या गोष्टीला आयुष्यभर भ्याले, तीच मी डॉलर मोजून करतोय.

माझ्याकडं हेमी नाही, तेवढी ऐपतही नाही. एका मोडक्या मोटरहोममधून, म्हणजे चाकांवरच्या घरातून, काढलेलं ४४० घनइंची इंजिन आहे, ७.२ लिटरचं. सत्तरच्या दशकातल्या डॉजच्या मोटरहोममध्ये ती इंजिनं असायची. वरची गाडी कुजते, इंजिन राहतं. त्याच्या मागं ७२७ गिअरबॉक्स. पिकअपचं नुसतं खोकं मी ओहायोतल्या टोलेडोजवळच्या एका शेतातून आणलं. हिवाळ्यात बर्फासाठी रस्त्यावर टाकतात त्या मिठानं खालचा पत्रा चाळण झाला होता, पण तो तसाही कापायचाच होता.

कामं कुठं अडतात ते ऐका. नाक वर गेलं की चेंबरमधलं ऑइल सगळं मागं धावतं. पंपाची नळी पुढं असेल तर ती नुसती हवा ओढते आणि बेअरिंगा जळतात. म्हणून चेंबर मागच्या बाजूला खोल करायचं आणि नळी तिथं न्यायची. कार्बोरेटरच्या मागच्या वाटीतलं पेट्रोलही जेटपासून, म्हणजे ते आत सोडणाऱ्या बारीक तोटीपासून, लांब पळतं, म्हणून जेटना लांब नळ्या जोडायच्या. समोरचा रस्ता दिसत नाही. पायाशी फरशीला पारदर्शक खिडकी कापायची आणि तिच्यातून रस्त्याचा पट्टा बघत जायचं. मागच्या बंपरखाली छोटी चाकं, गाडी पुरती पाठीवर पडू नये म्हणून. आणि पुढची चाकं हवेत असताना स्टिअरिंग फिरवून उपयोग शून्य, तेव्हा मागच्या दोन चाकांना वेगवेगळे ब्रेक, दोन हातदांडे. डावा ओढला की गाडी डावीकडं.

या शेवटच्या कामात मी तीन आठवडे अडकलो होतो. दांडे जोर लावला की वाकायचे. पुतण्याला व्हिडिओ कॉलवर दाखवलं. तो गोकुळ शिरगावला सीएनसी मशीनवर आहे. बघून हसायलाच लागला. "काका, ट्रॅक्टरचंच हाय की हे!" खरंच की. उसाच्या दोन भरलेल्या ट्रॉल्या ओढताना चढावर ट्रॅक्टरची पुढची चाकं उचलतात आणि आमच्याकडची पोरं डाव्या-उजव्या ब्रेकवर गाडी वळवत कारखान्यापर्यंत नेतात. गाळप हंगामात हे रोजचं दृश्य. मी ते लहानपणी हजारदा बघितलंय. तरी मला ते १९६५ सालच्या डेट्रॉइटकडून शिकावं लागलं. पुतण्यानं उद्यमनगरातल्या एका शेडच्या फरशीवर खडूनं ब्रॅकेट काढून दिलं, कुठं किती जाड पट्टी, वेल्ड कुठून सुरू करायचा. इथल्या मित्रांना मी ते डिझाइन माझं म्हणून सांगितलंय.

तर, शिस्त.

दाजी, तुम्ही म्हणता ती शिस्त इथं जन्मजात नव्हती. साठच्या दशकात आमच्या शेजारच्या, डेट्रॉइटच्या वुडवर्ड ॲव्हेन्यूवर रात्री सिग्नलपासून सिग्नलपर्यंत शर्यती लागायच्या आणि त्यात मोटार कंपन्यांचे इंजिनिअरसुद्धा असायचे. आजही शनिवारी रात्री डेट्रॉइटच्या चौकात डॉज चार्जर गाड्या गोल गोल फिरवून टायरचा धूर काढणारी पोरं आहेत, त्यांच्याही गाड्या जप्त होतात. फरक एवढाच, की कुणीतरी त्या पोरांना विचारलं, की हे तुम्ही कुठं करू शकाल? १९५१ साली वॉली पार्क्स यांनी नॅशनल हॉट रॉड असोसिएशन काढली ती शर्यती रस्त्यावरून उचलायच्या म्हणून. १९५४ साली कॅलिफोर्नियातल्या पोमोनाचे एक पोलीस, बड कून्स, साथीदारांना घेऊन ट्रेलरसकट गावोगाव हिंडले आणि पट्टा कसा आखायचा, गाडी कशी तपासायची ते शिकवत गेले. पुढच्या वर्षी पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली ती कॅन्ससमधल्या ग्रेट बेंडच्या जुन्या विमानतळावर. पोलीसच पोरांना जागा दाखवतोय, हे चित्र जरा डोळ्यांपुढं आणा.

आणि चुलतभावा, "पाहिजे ते करत्यात" हेही खोटं. माझी गाडी पहिल्यांदा पट्ट्यावर नेली तेव्हा तपासणीच्या म्हाताऱ्यानं टॉर्च घेऊन खाली वाकून बघितलं आणि मला परत पाठवलं. मागच्या चाकांकडं ताकद नेणारा शाफ्ट तुटला तर तो रस्त्यात रुतू नये म्हणून त्याच्याभोवती लोखंडी कडं लागतं, ते मी लावलं नव्हतं. माझा शाफ्ट जेमतेम दीड वीत, त्याला कसलं कडं, असा युक्तिवाद मी केला. त्यानं तो शांतपणे ऐकून घेतला आणि पुढच्या गाडीकडं गेला. दीड तास ट्रेलर ओढत घरी. त्याला एजंट नव्हता, त्याच्या टेबलाखाली काही सरकवायची सोय नव्हती. हे मी ग्रुपवर लिहिलं असतं तर माझी मान किती ताठ दिसली असती!

त्याच आठवड्यात आमच्या एचओएचं, म्हणजे वसाहतीतल्या घरमालकांच्या संघटनेचं, पत्र आलं होतं, गॅरेजचं दार फार वेळ उघडं राहतं आणि 'दृश्य अशोभनीय' आहे म्हणून. दंडासकट. ते मी ग्रुपवर टाकलं नसतं. म्हणजे टाकलं नाहीच.

आपल्याकडं काय आहे? २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की कंपनीच्या मूळ रचनेविरुद्ध गाडीत बदल चालणार नाही. २०२१ साली पन्नास वर्षांवरच्या व्हिंटेज गाड्यांसाठी नियम आले, 'व्हीए' अक्षरांची वेगळी नंबरप्लेट आली. पण चॅसिस, बॉडी किंवा इंजिनमध्ये मोठा बदल केलेला नको. माझी पिकअप तिन्ही परीक्षांत नापास. नियम चुकीचे आहेत असं मी म्हणत नाही. रात्री अकराला दवाखान्यासमोरून फटाके फोडत जाणाऱ्या बुलेटवर रोलर फिरला तर मलाही वाईट वाटत नाही, मग ती सख्ख्या पुतण्याची का असेना. पण 'रस्त्यावर नको' या वाक्याच्या पुढं 'तर मग इथं कर' हे वाक्यच येत नाही. बैलगाडा शर्यतीसाठी आपण सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडलो आणि २०२३ साली जिंकलो. बैलाला मैदान मिळालं, छान झालं. पोरांचं काय?

सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रेच्या दत्तात्रय लोहारांची गोष्ट आठवते? भंगारातून, साठेक हजारांत, मोटारसायकलसारखी किक मारून सुरू होणारी जीप केली त्यांनी. २०२१ च्या डिसेंबरात व्हिडिओ देशभर फिरला. आनंद महिंद्रांनी कौतुक केलं आणि त्याच दमात लिहिलं, की गाडी नियमात बसत नाही, आज ना उद्या अडवतील. तेव्हा ती द्या आणि नवी बोलेरो घ्या. महिनाभरात बोलेरो आली. आमच्या ग्रुपवर पेढ्यांचे फोटो. मला मात्र ते काही धड गिळता आलं नाही. माणसानं गाडी बनवली, आणि बक्षीस काय, तर दुसऱ्यानं बनवलेली गाडी. महिंद्रांचा काही दोष नाही, उदारच होते ते. पण लोहारांना हवी होती तीच जीप पळवायला एक मैदान आणि टॉर्च घेऊन वाकणारा एक म्हातारा असता तर?

हे सगळं मी एका बैठकीत टाइप केलं. पाठवायच्या आधी परत वाचलं आणि आण्णांच्या मॅटाडोरपाशी थांबलो.

आकुर्डीच्या बजाज टेम्पोची, चपट्या तोंडाची. ए-१०० चं तोंडही तसंच चपटं. शेतात गवतात उभी असलेली ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा विकणाऱ्याला वाटलं, मी हेमीवाल्यांच्या नादातला आहे. तसं नव्हतं. मॅटाडोरमध्येही इंजिन आण्णांच्या आणि क्लीनरच्या सीटमध्ये, पत्र्याच्या झाकणाखाली. त्या झाकणावर गोणपाट टाकून मी बसायचो. थंडीत स्वर्ग, मेमध्ये बूड भाजायचं. कराडच्या बाजारापर्यंत मी त्याच जागेवर बसून गेलोय, आण्णांचा डावा हात गिअरवर आला की गुडघे बाजूला घेत.

आण्णा गेल्यावर दोन वर्षांनी दादाचा फोन आला. मी मीटिंगमध्ये होतो. "पासिंग संपलंय, टायर बसलेत. काय करू गाडीचं?" मी म्हटलं, देऊन टाक, जागा कशाला अडवतोस. दादानं दोनदा विचारलं, नक्की का? वजनावर गेली. काटा कुठला, किलो किती भरली, दर काय मिळाला, मी काहीच विचारलं नाही. पुढच्याच उन्हाळ्यात मी टोलेडोला गेलो आणि परक्याच्या शेतात गंजलेल्या चपट्या तोंडाचे रोख पैसे मोजले. मग इथल्या लोकांना अभिमानानं सांगत फिरलो, की जुन्या गाड्या जपाव्या लागतात.

ग्रुपवरचा तो मजकूर मी पुसला. शिस्त, हौस, जागा, सगळं.

गेल्या शनिवारी पट्ट्यावर हिरवा दिवा लागला तेव्हा नाक उठलं. किती उठलं ते मला आतून कळलं नाही; समोर फक्त आभाळ, पायाखालच्या खिडकीत डांबर सरकतंय, आणि दोन्ही सीटांच्या मधल्या जागेत, जिथं इंजिन असायचं तिथं, नुसता सुरक्षेच्या लोखंडी पिंजऱ्याचा पाइप. चारशे दोन मीटरच्या पट्ट्यातले पहिले साठ-सत्तर मीटर जाऊन मी घाबरून पाय काढला. चाकं आपटली, बंपरखालच्या एका चाकाची बेअरिंग गेली. व्हिडिओ ग्रुपवर टाकला, काही न लिहिता.

दाजींनी हात जोडले. चुलतभावानं आग लावली, म्हणजे ती चिन्हांची. पुतण्यानं विचारलं, "काका, डावा दांडा वाकला का?" वाकला नव्हता.

दादा ग्रुपवर कधी लिहीत नाही. रात्री उशिरा त्याचं एकच वाक्य आलं: "उलार झाली की रे."