विचारलं कुठं तुम्ही?

ज्या गावात मी जन्मलो, शाळेत गेलो आणि दोन महापूर अंगावर घेतले, त्याच गावात गेल्या रविवारी एका माणसानं मला ‘पाव्हणं’ म्हटलं. तेवढ्यावर भागलं असतं तर सोडून दिलं असतं. पण त्यानं ओक्लाहोमातल्या एका जोडप्यापुढे माझं प्रदर्शन मांडलं. माझ्या उजव्या हाताला डास चावले होते, त्यांची खाज थांबली. याची थांबलेली नाही.

मी सांगलीला लागून असलेल्या हरिपूरला, संगमावर, शिंगट्यासाठी गळ टाकून बसलो होतो. शिंगटा म्हणजे लांब मिशांचा मासा, इंग्रजीत कॅटफिश. शनिवारी वळीव झाला होता, कृष्णेला जरा गढूळ पाणी आलं होतं, आणि शिंगट्याला याहून चांगला मुहूर्त नसतो.

शिंगटा सापडत नाही अशी तक्रार करणारे लोक बहुतेक वेळा मधल्या धारेत गळ टाकून बसतात. धारेत तो कशाला येईल? कृष्णा आणि वारणा एकत्र येतात तिथं एका पाण्याला ओढ असते आणि दुसरं जागच्या जागी गोल फिरत असतं. या दोहोंच्या शिवेवर, जिथं तळ एकदम खोल जातो, तिथं तो पडून राहतो. वरून वाहत आलेलं खाणं आपोआप खाली बसतं आणि यानं फक्त तोंड उघडायचं. दिवसा डोहात आराम, अंधार पडायला लागला की काठाकडे फेरी. सरकारी नोकरीत याहून वेगळं काय असतं? डोळ्यांवर त्याचा भरवसा कमीच. त्या लांब मिशा तळावर फिरवत तो चव घेत हिंडतो, म्हणून गढूळ पाण्यात रोहू-कटला गांगरतात आणि शिंगट्याचं जेवण वेळेवर होतं. मी शिसं जड लावलं होतं, गळाला कोंबडीची आतडी. वास असा की शेजारी कुणी बसणार नाही, ही माझी खात्री.

ती खात्री काकांनी खोटी ठरवली.

पांढरा शर्ट, गळ्यात तुळशीची माळ, पायात पोरानं वापरून टाकलेले असावेत असे केशरी बूट, आणि हातात स्पीकर चालू असलेला मोबाइल. त्यावर कीर्तन लागलेलं.

“काय पाव्हणं, घावलं का काय?”

“नाही अजून.”

“घावायचं न्हाई.”

एवढं बोलून ते माझ्या पिशवीशेजारच्या दगडावर बसले. मी हळू आवाजात विनंती केली, की काका, जरा आवाज कमी करता का. या माशांच्या पोटात हवेची पिशवी असते, तिथून आतल्या कानापर्यंत बारीक हाडांची साखळी असते, त्यामुळे त्यांना फार चांगलं ऐकू येतं.

“असू दे की,” काका म्हणाले, “कीर्तनच हाय. ऐकलं तर काय वाईट हुतंय त्यांचं?”

यावर कुणाकडे उत्तर असेल तर मला कळवावं.

मग चौकशी सुरू झाली. कुठलं म्हणायचं? सांगलीचाच. सांगलीत कुठं? विश्रामबाग. मग ती सांगली न्हवं, काका म्हणाले, आणि मला कायमचा पाव्हणा करून टाकलं. २०१९ ला तुमच्याकडं पाणी आलं का? माझ्याकडे नव्हतं आलं. मग तर विषयच संपला. सांगलीत माणसाची किंमत आयर्विन पुलाखाली कृष्णेचं पाणी किती फुटांवर गेलं त्यावर ठरते. ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका, आणि त्या वर्षी ५७ च्या वर गेलं तेव्हा ज्याच्या माळ्यावर पाणी होतं तो खरा गाववाला. काकांच्या माळ्यावर होतं. २००५ ला हरिपुरात हळद साठवायची जमिनीखालची पेवं बुडाली, तेव्हाचा सगळा इतिहास त्यांनी ऐकवला, आणि मधेच थांबून माझ्या पायाखालच्या वाळूकडे बोट दाखवलं.

“आत्ता तुम्ही बसलाय न्हवं, हितंच परवा मगर बसली हुती.”

“कधी?”

“परवा. म्हंजे आसंल चार-आठ दिस. मोठी. तिलाबी शिंगटाच लागतोय.”

कृष्णेत मगरी आहेत हे सांगलीकराला सांगावं लागत नाही. औदुंबर, भिलवडीपासून इकडं सगळीकडे आहेत, आणि त्यांनी माणसं नेलेली आहेत. मी पाय वर घेतले. काकांनी मात्र केशरी बूट काढून पाय पाण्यात सोडले. मगरीच्या बाबतीत माळेचा काही फायदा होत असावा.

मला सगळ्यात सलतं ते पुढचं. हा माणूस माळकरी. आयुष्यात सुकटसुद्धा तोंडाला लावली नाही हे त्यांनीच सांगितलं. पण माझी काठी जास्त लांब, माझी दोरी जास्त जाड, माझी जागा चुकलेली, आणि कोंबडीपेक्षा म्हणे गांडूळ बरं. “आपण खात न्हाई, पण म्हायती सगळी हाय.” या वाक्यावर आपला देश चालतो. क्रिकेटपासून बाळंतपणापर्यंत ज्यानं जे कधी केलेलं नाही, त्याच्याकडेच त्याची पूर्ण माहिती असते. आणि ज्याचे हात कोंबडीच्या आतड्यांत बरबटलेले असतात त्यानं मान हलवायची.

तेवढ्यात कीर्तन बंद पडलं आणि लेकीचा व्हिडिओ कॉल आला. तिकडे ओक्लाहोमात रविवारची सकाळ होती. काकांनी फोन फिरवून आधी संगम दाखवला, मग देऊळ, मग मला.

“ह्ये बघ, ह्ये एक मासं धरणारं पाव्हणं. दुपारधरनं बसल्यात. कायबी घावलेलं न्हाई.”

पडद्यावरून लेकीनं हात हलवला. मीही हलवला, आतड्यांसकट. मग तिच्यामागून जावई डोकावला, हातात कॉफी, आणि त्याला एकदम उत्साह आला.

“कॅटफिश? बाबा, आमच्याकडे लोक काठीबिठी वापरतच नाहीत! हातानं पकडतात!”

“हातानं?” काका मला म्हणाले, जणू मी हे त्यांच्यापासून दडवून ठेवलं होतं.

जावयानं समजावून सांगितलं. आणि खोटं नव्हतं ते, म्हणूनच जास्त राग आला. तिकडे फ्लॅटहेड नावाचा मोठा मासा आहे, मे-जूनच्या सुमारास तो काठाच्या कपारीत किंवा पोकळ ओंडक्यात अंडी घालतो आणि नर तिथं राखण करत बसतो. लोक कंबरभर, गळाभर पाण्यात उतरतात, चाचपून बीळ शोधतात, आणि त्यात हात घालतात. राखणीवरचा नर चिडून हाताला धरतो. धरला की त्यालाच आत मूठ करून पकडायचं आणि बाहेर ओढायचं. सध्या तिकडे हाच हंगाम. कायदेशीर आहे, स्पर्धाही होतात.

काका माझ्याकडे बघत राहिले. मग काठाकडे. मग परत माझ्याकडे.

“घाला की पाव्हणं हात.”

“काका, आत्ताच तुम्ही म्हणालात इथं मगर असते.”

“ती परवा हुती.”

“आपल्याकडचा शिंगटा बिळात नसतो. तो तळाला खळगा करून—”

“बघा की चाचपून. जावई बघतोय तिकडनं.”

“यू गॉट धिस, अंकल!” ओक्लाहोमातून आवाज आला. अंकल! त्या जावयाला माझ्याइतकंच टक्कल होतं.

आणि नेमका त्या क्षणी काठीचा शेंडा वाकला. घाई न करता, ठाम. मी ओढली. शिंगटा गळाला लागला की खाली तोंड करून खडकाकडे जोर लावतो, हात भरून येतात. हा मात्र मुकाट आला. दोन किलोच्या आसपास, अंगाला खवला नाही, रुपेरी-करडा, शेपटीजवळच्या मऊ परावर तो काळा ठिपका. इतका वेळ बसल्याचं सार्थक झालं असं वाटायच्या आत काका ओरडले, “धरला! आपण धरला!” आणि फोन माझ्या हातात कोंबून मासा उचलायला धावले. लेकीला दाखवायला.

शिंगट्याच्या पाठीवर एक काटा असतो आणि छातीच्या परांना दोन्हीकडे एकेक, त्यांना आतून करवतीसारखे दाते. घाबरला की तो ते काटे उभे करून अडकवून ठेवतो. मग मोडतील, पण वाकणार नाहीत. मी हे सांगणारच होतो. पण ‘म्हायती सगळी हाय’ असं ऐकलं होतं.

काकांनी जे शब्द उच्चारले ते माळेला शोभणारे नव्हते. ते थेट प्रक्षेपण ओक्लाहोमापर्यंत गेलं. कॉफीचा कप खाली ठेवल्याचा आवाज मला स्पष्ट आला.

बोटाला माझाच रुमाल बांधून झाल्यावर, फोन बंद झाल्यावर, काका जरा मऊ आवाजात म्हणाले, “पर पाव्हणं, खाऊ नका बरं का त्यो.”

“का?”

“मळी सोडलीया की वरनं. साखर कारखान्याची. सकाळीच बातमी आलीया. त्यो गुंगलाय, म्हणून घावला.”

मी पाण्याकडे पाहिलं. वळवाचं गढूळ म्हणून ज्याच्यावर खूश होतो, ते पाणी. त्याला तपकिरी झाक होती आणि काठाला फेस धरला होता. खालच्या अंगाला थोड्या अंतरावर दोन-तीन मासे वर येऊन तोंडं उघडत होते. मागूर असता तर वरची हवा घेऊन तगला असता, शिंगट्याला ती सोय नाही.

“तुम्हाला सकाळपासून माहीत होतं?”

“व्हय.”

“मग सांगितलं का नाही? मी दुपारपासून बसलोय इथं.”

“विचारलं कुठं तुम्ही?”

मला हसू आलं नाही. २०२३ च्या मार्चमध्ये अंकली पुलाखाली मेलेल्या माशांचा खच पडला होता. त्याच्या आदल्या पावसाळ्यातही तेच. दरवेळी वास सुटतो, फोटो येतात, कुणीतरी बाटलीत पाण्याचा नमुना घ्यायला येतं, आणि तोवर खरं पाणी राजापूरच्या बंधाऱ्यावरून कर्नाटकात पोचलेलं असतं. बाटलीत सापडतं ते नंतरचं, स्वच्छ. काठावर सगळ्यांना माहीत असतं कुठून आलं, कधी सोडलं, कुणाच्या पाइपातून आलं. पहिल्या पावसाची वाट बघून सोडतात हेही माहीत असतं. फक्त सांगत कुणी नाही, कारण ऊस त्याच कारखान्याला घालायचा असतो. काकांचाही जातो. तेही त्यांनीच सांगितलं, न विचारता.

शिंगटा पाण्यात सोडला. तो बाजूवर पडून वाहत गेला.

घरी कालवणाचं वाटण तयार होतं. बायकोनं माझ्याकडे, रिकाम्या पिशवीकडे पाहिलं आणि काही न विचारता त्याच वाटणात वांगी टाकली. कृष्णाकाठची. फार गोड असतात, लोक मुंबईला नेतात. त्यांना पाणी कुठलं पाजलं, हे मी मंडईत अजून कुणाला विचारलेलं नाही.