पुन्हा रांग, पुन्हा बंद

रोलर कोस्टरच्या रांगेत दीड तास! कठड्याला टेकून, पेंगलेली पोरगी खांद्यावर घेऊन. बोर्डावर ४५ मिनिटं लिहिलेलं. पुढे दहा-बारा माणसं उरली आणि स्पीकर खरखरला: तांत्रिक कारणामुळे राईड थोडा वेळ बंद. थोडा म्हणजे किती, ते कुणीच सांगत नाही.

राईड थांबली याचा राग नाही. रोलर कोस्टरचा रूळ टप्प्याटप्प्यांत विभागलेला असतो, एका टप्प्यात एकच गाडी. सेन्सरला जरा शंका आली की सगळं आपोआप थांबतं. थांबलंच पाहिजे, जिवाचा प्रश्न आहे. पण मग मागून नवीन लोक रांगेत का सोडत राहता? दोनपैकी एकच गाडी चालवताय, म्हणजे तासाला बसणारी माणसं जवळपास निम्मी, हे गेटवरच का सांगत नाही? त्यात जादा पैसे भरलेल्यांची वेगळी रांग दर फेरीला आमच्या पुढे.

पोरगी यंदा पहिल्यांदा उंचीच्या पट्टीला पुरली होती हो. सकाळपासून तेच सांगत होती सगळ्यांना. शेवटी आम्हाला बाहेर काढलं, तर नंतर थेट आत घेऊ अशी साधी चिठ्ठीसुद्धा हातावर ठेवली नाही. म्हणे, पुन्हा रांगेत लागा!